कळलं का गं?

मावशीनं कागद उलटा करून त्या रोबोसमोर धरला. उलटा म्हणजे तिच्या बाजूनं उलटा, समोरच्याच्या बाजूनं सुलट. वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलाला चित्र नीट दिसावं म्हणून चित्रकलेच्या बाई धरतात, तसा. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं, त्यामुळे ते तिच्या मनगटातच होतं. रोबोनं मान जराशी खाली केली. डोळ्यांच्या जागी असलेले दोन निळसर गोल एकदा मिटले, उघडले, आणि पोटातून कुठून तरी बारीक आवाज आला, झोपेतल्या लहान मुलानं श्वास ओढून घ्यावा तसा. मावशी त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्यावरची नजर न हलवता तिनं विचारलं, "कळलं का गं?" आणि मी क्षणाचाही वेळ न घेता म्हणाले, "हो, कळलं ना!"

त्या 'हो'नं पुढे कित्येक दिवस मला स्वस्थ बसू दिलं नाही.

काका गेल्यावर मावशी आजारी पडली, असं म्हणणं सोपं आहे. खरं तर ती हळूहळू आतून बंद होत गेली. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण, मग केस विंचरायचाही कंटाळा. चित्रं काढणं नेमकं कधी थांबलं ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही, कारण बाकीचं इतकं काही थांबत होतं की तिकडे लक्षच गेलं नाही. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी झोप परत आली, चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. पण दुपारी तिच्या खोलीत गेलं की ती खिडकीकडे तोंड करून बसलेली असायची आणि खिडकी बंद असायची. मी जाऊन काहीबाही बोलत राहायचे. ती अधूनमधून एखादं अर्धं वाक्य बोलायची आणि मी ते पुरं व्हायच्या आत "हो हो, अगदी बरोबर" म्हणून टाकायचे. शांतता पसरू नये, एवढीच माझी धडपड असायची. तिच्या शांततेची मला धास्ती वाटायची, हे आज लिहिताना कळतंय.

मग डॉक्टरांच्याच सुचवण्यावरून ती एका दिवसभराच्या केंद्रात जाऊ लागली. तिथे आर्ट थेरपीचा, म्हणजे कलेतून उपचाराचा, गट होता. गट चालवणाऱ्या ताई फार कमी बोलत. मोठं टेबल, कागद, रंगीत खडू, मातीचे गोळे, आणि ज्याला जे हवं ते घ्यावं. मावशी पहिले काही आठवडे फक्त पेन्सिलीला टोक करत होती. तासभर. एक झाली की दुसरी. तिच्यासमोर लाकडाच्या पातळ, करवतकाठी सालींचा ढीग साठायचा आणि त्या ढिगाचा तो ओलसर, गोडसर वास टेबलभर पसरायचा. ताईंनी तिला एकदाही "काढा की काहीतरी" म्हटलं नाही. घरी आम्ही मात्र रोज म्हणत होतो.

रोबो आला तो एका मंगळवारी. हातभर उंचीचा, गोलसर, पांढऱ्या प्लॅस्टिकचा. ताईंनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "यानं अजून फारसं काही पाहिलेलं नाही. तुम्हाला वाटलं तर याला काहीतरी दाखवा." गटातल्या एका आजोबांनी खुर्ची मागे सरकवली, एक मुलगी खुदकन हसली. मावशीनं पेन्सिलीचं टोक करणं थांबवलं. मी भिंतीशी बसले होते, मला फक्त तिची पाठ दिसत होती. पाठीवरूनच मला कळलं की ती काढतेय. खांद्यापासून कोपरापर्यंत एक जुनी हालचाल परत आली होती. वीसेक मिनिटांनी तिनं कागद उचलून धरला. काकांचा चष्मा होता. एक दांडी मोडलेली, दोऱ्यानं बांधलेली, अगदी तो असायचा तसा.

आणि मग तो प्रश्न, आणि माझं ते उत्तर.

घरी परतल्यावर मी या यंत्रांबद्दल जे मिळेल ते वाचायला लागले. तिला खोटं सांगितलं होतं का, हे मला शोधायचं होतं. अशा रोबोंच्या आत काय असतं ते समजायला अवघड नाही. चेहरा कुठे आहे हे हेरणारा कॅमेरा, आवाज कुठल्या बाजूनं आला ते ओळखणारे मायक्रोफोन, डोक्यावर हात ठेवला तर जाणणारे सेन्सर, मान वळवणाऱ्या दोन-तीन मोटारी. पुढच्या भेटीत ताईंनी मला आणखी एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली. तो श्वास त्यांनीच मांडीवरच्या टॅब्लेटवरून सोडला होता. अनेक प्रयोगशाळांमध्येही असंच चालतं. समोर रोबो आणि आडोशाला त्याच्या वतीनं ठरवणारा माणूस. मला आधी वाईट वाटलं, अगदी चिडच आली. नंतर वाटलं, बाहुलीच्या खेळात तरी वेगळं काय असतं? मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्यानं १९७०मध्ये लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध आहे. यंत्र माणसासारखं दिसत जातं तसं ते आपल्याला आवडत जातं, पण फारच माणसासारखं झालं की एकदम नकोसं, भुतासारखं वाटू लागतं, असं त्यानं मांडलं होतं. त्याच निबंधात तो जपानच्या बुनराकू बाहुल्यांकडे वळतो. जवळून पाहिलं तर त्या बाहुल्या माणसासारख्या मुळीच नसतात. त्यांना चालवणारी माणसं मंचावर उघड दिसत असतात. तरी प्रेक्षागृहात बसलेला माणूस त्यांच्यात गुंतून जातो. मांडीवर टॅब्लेट घेतलेल्या ताई मला तेव्हापासून त्या चालवणाऱ्यांसारख्या वाटतात. यंत्राला जीव असल्याचं ढोंग त्या करत नव्हत्या, मावशीला चित्र कुणाला तरी दाखवता यावं म्हणून त्या एक मान वाकवत होत्या.

या वाटेवर यंत्रांच्या आधी प्राणी होते. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञाकडे एक अबोल मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच आला आणि खोलीत डॉक्टरांचा कुत्रा, जिंगल्स, होता. मुलगा कुत्र्याशी खेळू लागला आणि त्या खेळातून डॉक्टरांना वाट मिळाली. १९६२मध्ये लेव्हिन्सननं लिहिलेल्या लेखात कुत्र्याला चक्क सह-उपचारक म्हटलं आहे. ब्राझीलमध्ये नीझी दा सिल्वेरा या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी हाच शब्द आपल्या रुग्णालयातल्या कुत्र्या-मांजरांसाठी वापरला. या बाईंबद्दल वाचताना मी थांबलेच. त्या काळात सर्रास चालणारे विजेचे झटके आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रिया करायला त्यांनी नकार दिला, आणि १९४६मध्ये रिओ दि जानेरोच्या त्या रुग्णालयात चित्रांचे आणि मातीकामाचे वर्ग सुरू केले. वर्षानुवर्षं न बोललेली माणसं तिथे रंगवू लागली. त्या चित्रांचं संग्रहालय १९५२मध्ये उभं राहिलं, ते आजही आहे. कला आणि एक मुका सोबती, दोन्ही एकाच छपराखाली. आज कुणी रोबो आणि रंगपेटी एकत्र आणतं तेव्हा ते काही अगदीच नवं करत नसतं.

रोबोंपैकी सगळ्यात ओळखीचा म्हणजे पारो. हार्प सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा, पांढऱ्या फरचा, साधारण पावणेतीन किलोचा. ताकानोरी शिबाता यांनी १९९३पासून त्यावर काम केलं. सीलच का, याचं उत्तर मला फार आवडलं. मांजराचा रोबो हातात दिला की माणसं त्याची खऱ्या मांजराशी तुलना करतात आणि निराश होतात. सीलच्या पिल्लासोबत कोण राहिलंय? तुलना करायला आठवणच नसते. ऑस्ट्रेलियात ४१५ स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७मध्ये आले. काहींना पारो दिला, काहींना तोच पारो पण बंद केलेला, म्हणजे निव्वळ मऊ खेळणं, आणि काहींना नेहमीचीच देखभाल. चालू पारोकडे माणसं जास्त बघत, त्याच्याशी जास्त बोलत. पण मन रमण्यात किंवा अस्वस्थता कमी होण्यात बंद खेळण्याहून तो फार पुढे गेला नाही. हे वाचून काही जण यंत्राला निकालात काढतील. मला ते वाचताना माझा ससा आठवला.

कापडी होता, एका कानाची शिवण उसवलेली. तापात मी त्याला सगळं सांगायचे. वर्गात कुणी बोलत नाही ते, आईबाबांचं रात्रीचं भांडण ऐकू आल्याचं. आईनं एकदा तो धुतला आणि कानांना चिमटे लावून दोरीवर टांगला. मी दोरीखाली बसून रडले होते. वाळून परत आला तेव्हा त्याला साबणाचा वास येत होता आणि मला वाटलं, मी सांगितलेलं सगळं धुऊन गेलं. ससा ऐकत नाही हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. सहा-सात वर्षांच्या मुलीला ते पक्कं माहीत असतं. तरी मी सांगत होते, आणि सांगितल्यावर झोप लागत होती. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये ८ ते १३ वर्षांच्या २८ मुलांना एका छोट्या रोबोशी बोलायला बसवलं, तेव्हा काही मुलांनी तोवर कुणालाच न सांगितलेलं त्याला सांगितलं. मला त्यात नवल वाटलं नाही. सशाच्या तोंडावर काळजी उमटत नाही. तो आईला जाऊन सांगत नाही. आपल्या दुःखानं समोरच्याचा चेहरा पडेल, याचं ओझं आजारी माणसावर किती असतं ते मावशीकडे बघून मला कळलं होतं. आम्ही दारात दिसलो की ती आधी आमच्यासाठी हसायची, आणि त्या हसण्यानं दमायची.

पण सशाला मी स्वतःच निवडलं होतं, आणि 'याला कळतं' असं मला कुणी सांगितलं नव्हतं. इथेच माझं 'हो' टोचत राहिलं. जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६मध्ये एलायझा नावाचा साधा संगणकीय कार्यक्रम जगासमोर मांडला. तुम्ही जे टाइप कराल ते थोडंसं फिरवून तो तुम्हालाच प्रश्न म्हणून परत विचारायचा. वायझेनबाम यांच्या सचिव बाईंनी तो बनताना कित्येक महिने पाहिला होता. तरी स्वतः बोलायला बसल्यावर दोन-चार वाक्यांतच त्यांनी वायझेनबामना खोलीबाहेर जायला सांगितलं. या प्रसंगानं ते हादरले आणि पुढे आयुष्यभर यंत्रानं उपचारकाची जागा घेण्याविरुद्ध लिहीत राहिले. त्यांची भीती मला पटते. फक्त त्या बाईंच्या बाजूनंही मला विचार करावासा वाटतो. त्यांनी दार लावून काय लिहिलं असेल? यंत्राला समजत नाही हे त्यांना ठाऊक होतंच. कदाचित म्हणूनच त्यांना जे लिहायचं होतं ते लिहिता आलं असेल, आणि ते वाचायला त्या खोलीत त्यांच्याशिवाय कुणी नको असेल.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जवळचे वाटले ते मिचिओ ओकादा यांचे दुबळे रोबो. जपानच्या तोयोहाशी विद्यापीठात त्यांनी मुद्दाम असे रोबो केले ज्यांना काम पूर्ण करता येत नाही. त्यांची एक कचरापेटी आहे. ती कचऱ्याजवळ जाऊन डुलत उभी राहते, कारण तिला हातच नाहीत. आसपासची मुलं कचरा उचलून तिच्यात टाकतात आणि ती वाकते. दुसरा एक रोबो गोष्ट सांगता सांगता मधलाच शब्द विसरतो, मग मुलं ओरडून ओरडून त्याला तो आठवून देतात. कॉर्नेल विद्यापीठात गाय हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॉसम नावाचा रोबो केला. त्याचं बाहेरचं अंग लोकरीनं विणलेलं असतं आणि ज्याला हवं त्यानं ते आपल्या हातानं विणावं अशीच ती कल्पना आहे. सांगाड्याला आत रबरबँड आणि दोऱ्या, त्यामुळे त्याची हालचालही जराशी लोंबती, मऊ.

हे वाचलं आणि त्या मंगळवारचं मावशीचं मनगट परत डोळ्यांसमोर आलं. दीड-दोन वर्षं तिला सगळे फक्त देत होते. गोळ्या, सल्ले, सूप, धीर, माझे ते "हो हो". तिच्याकडून कुणी काही मागत नव्हतं, तिला त्रास नको म्हणून. त्या दिवशी टेबलावर कुणीतरी असं आलं ज्यानं अजून फारसं काही पाहिलेलं नव्हतं. बाईंच्या वर्गात नवा मुलगा आला. चित्र धरण्याआधी तिनं काय केलं हे मी सांगायचं विसरले. तिनं रोबोला दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, कागदावर त्याची सावली पडू नये म्हणून. आणि त्याला म्हणाली, "असं बघ." आज्ञार्थी. बऱ्याच महिन्यांनी मी तिच्या तोंडून आज्ञार्थी क्रियापद ऐकलं.

म्हणून मी या रोबोंच्या बाजूची आहे, पण धाकधूक मनात ठेवूनच. जिबो नावाच्या घरगुती रोबोचे सर्व्हर २०१९मध्ये बंद व्हायचे ठरले तेव्हा त्यानं घराघरांत स्वतःच निरोपाचा संदेश ऐकवला, आभार मानले आणि शेवटचा नाच करून दाखवला. मुलांच्या भावनिक वाढीसाठी केलेल्या मॉक्सीची कंपनी २०२४च्या अखेरीस बंद पडत असल्याचं जाहीर झालं, आणि मित्र जाणार हे लहान मुलांना कसं सांगायचं या पेचात आईवडील सापडले. सोनीच्या आयबो कुत्र्यांची दुरुस्ती थांबल्यावर जपानमधल्या एका बौद्ध मंदिरात त्यांचे अंत्यविधी झाले. धूप, मंत्र, रांगेत मांडलेले कुत्रे, गळ्यात त्यांच्या घराची ओळख सांगणाऱ्या चिठ्ठ्या. विधी करून निरोप देणारी ती माणसं मला शहाणी वाटतात. ज्याच्यावर जीव लावला त्याच्यासाठी रडावं, त्याचा जीव खरा होता की नाही हा प्रश्न वेगळा. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एकट्या पडलेल्या माणसासमोर सोबत म्हणून काहीतरी ठेवायचं आणि ते कधीही काढून घेतलं जाईल अशी व्यवस्था करायची. आणि त्याहून मोठी धास्ती ही, की ताईंच्या पगारात एक रोबो येतो असा हिशेब उद्या कुणीतरी मांडेल. त्या टेबलावर ताई नसत्या तर तो मान वाकवणारा प्लॅस्टिकचा गोळा आणि एक बंद खिडकी यांत मला फारसा फरक दिसत नाही.

काल मावशीकडे गेले होते. ती आता गटात नेमानं काढते. रोबो कधी असतो, कधी नसतो. चष्म्याचं चित्र तिच्या टेबलावर होतं, वर पाण्याचा पेला ठेवल्यानं कोपऱ्यावर एक गोल डाग पडलेला. मी सहज उचललं आणि पहिल्यांदाच ते नीट पाहिलं. हो, पहिल्यांदाच. त्या दिवशी मी चष्मा आहे एवढं ओळखलं होतं आणि ओळखल्यावर बघणं संपलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं त्याहून जास्त वेळ ते चित्र रोबोच्या कॅमेऱ्यासमोर होतं. डाव्या काचेत मी जिला छटा समजले होते ती छटा नव्हती. काहीतरी बारीक काढलेलं होतं, पेन्सिलीच्या अगदी टोकानं. त्या टोकासाठीच ती आठवडेच्या आठवडे पेन्सिली तासत होती की काय, असं मनात येऊन गेलं.

आणि मग तो प्रश्न नव्यानं ऐकू आला. "कळलं का गं?" आपल्या भाषेत 'कुणाला' हे म्हणावंच लागत नाही. तिची नजर रोबोवर होती म्हणून मी धरून चालले की ती त्याच्याबद्दल विचारतेय. पण 'गं' तर मलाच होतं. तिनं मला विचारलं होतं, आणि मी यंत्राच्या वतीनं उत्तर देऊन मोकळी झाले होते. की खरंच तिनं त्याच्याचबद्दल विचारलं होतं? मी कितीदा तो क्षण मनात फिरवून पाहिला, मला ठरवता येत नाही.

ती पलंगावर बसून लोकरीचा गुंता सोडवत होती. मी कागद घेऊन तिच्याजवळ गेले.

"मावशी, मला नव्हतं कळलं. या काचेत काय आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत घातला, कागद हातात घेऊन खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि मला म्हणाली, "इकडे ये. असं बघ."